फ्लोरेन्समधले पहिले तीन दिवस : घुमट, पेढ्या आणि कोल्हापूरच्या राजाची छत्री

आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांतली मुले आता जर्मनी, नेदरलँड्स, आयर्लंड अशा देशांत नोकरीला आहेत. त्यामुळे निवृत्तीनंतर युरोपला जाऊन येणे ही बेळगाव-निपाणीकडे फार नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. पण बहुतेक मंडळी 'दहा दिवसांत आठ शहरे' अशी सहल करतात आणि परत आल्यावर कोणता फोटो कुठला यावर घरात वाद होतात. आम्ही उभयतांनी वेगळे ठरवले. मुलाकडे जाण्याआधी एकच जुने शहर घ्यायचे, तिथे स्वतःच्या पायांनी हिंडायचे आणि घाई करायची नाही. शहर निवडले इटलीतले फ्लोरेन्स. तिकडचे लोक त्याला 'फिरेन्झे' म्हणतात.

फ्लोरेन्सच का, असे अनेकांनी विचारले. आमच्यापैकी एकाची उभी हयात बँकेत गेली आणि दुसरीची शाळेत. बँकेचा धंदा ज्या गावांत वाढला त्यांपैकी हे एक मोठे गाव. चित्र-शिल्पांबद्दल तर सांगायलाच नको. पण तिसरे कारण आपल्या भागाशी संबंधित आहे आणि या लेखाचा खरा हेतू तेच आहे. निपाणीपासून जेमतेम चाळीस किलोमीटरवर असलेल्या कोल्हापूरचा एक तरुण राजा या शहरात वारला. त्याची छत्री आजही तिथे नदीकाठी उभी आहे. ज्यांना जायचे असेल त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून पहिल्या तीन दिवसांचा आमचा क्रम पुढे देत आहोत.

जाण्यापूर्वी

इटलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो. त्यावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा आहे. आमच्या वयात तो केवळ कागदासाठी काढू नये. पॉलिसीतल्या अटी, विशेषतः आधीपासून असलेल्या आजारांबद्दलचे कलम, शांतपणे वाचावे. औषधांची चिठ्ठी इंग्रजीत करून घ्यावी.

दूध-खव्याचे पदार्थ बाहेरून नेण्यावर युरोपीय संघाचे निर्बंध आहेत. त्यामुळे बेळगावचा कुंदा जड मनाने घरीच ठेवावा लागला. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि दशम्या मात्र आमच्याबरोबर आल्या आणि पहिल्या दोन रात्री त्यांनीच सांभाळले.

आम्ही ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात गेलो. तेव्हा तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. ऊन सोसवते आणि गर्दी उन्हाळ्यापेक्षा कमी असते. विमानतळावरून गावात ट्राम येते. मुक्काम रेल्वे स्टेशनच्या आसपास घेतला तर सगळे जुने शहर चालण्याच्या टप्प्यात राहते.

पहिला दिवस : घुमट

पहिल्या दिवशी अंगात प्रवासाचा शीण असतो. म्हणून एकच गोष्ट ठेवावी, आणि ती म्हणजे 'दुओमो', म्हणजे तिथले मुख्य कॅथेड्रल. गल्लीतून चालताना समोर एकदम पांढऱ्या, हिरव्या आणि गुलाबी संगमरवराची भिंत येते आणि वर विटांचा लालसर घुमट दिसतो.

आपल्या बाजूच्या माणसाला इथे विजापूरचा गोल घुमट आठवल्याशिवाय राहत नाही. शाळेची सहल विजापूरला गेली नाही असे आपल्याकडे घर नसेल. गोल घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर, तर फ्लोरेन्सचा घुमट आतून सुमारे ४५ मीटर. गोल घुमट सतराव्या शतकाच्या मध्याचा, मुहम्मद आदिलशहाच्या काळचा. फ्लोरेन्सचा घुमट त्याच्या दोनशे वर्षे आधीचा, १४२० ते १४३६ या काळात बांधलेला.

त्याची गंमत अशी की कॅथेड्रलचे बांधकाम १२९६ मध्येच सुरू झाले होते. भिंती उभ्या राहिल्या, घुमटासाठी भले मोठे अष्टकोनी तोंड वर सोडले गेले आणि ते झाकायचे कसे हे कोणालाच ठाऊक नव्हते. जमिनीपासून एवढ्या उंचीपर्यंत लाकडी आधार उभारायचा तर लागणारे लाकूड आणायचे कुठून? अखेर १४१८ मध्ये स्पर्धा जाहीर झाली. मूळचा सोनारकाम शिकलेला ब्रुनेलेस्की पुढे आला आणि खालून आधार न लावता घुमट बांधून दाखवला. त्याने एकात एक अशी दोन कवचे घेतली. विटा सरळ थरात न लावता मधूनमधून उभ्या घालून तिरक्या वेलीसारख्या गुंफल्या, म्हणजे ओला थरही घसरू नये. प्रत्येक वर्तुळ पुरे झाले की ते स्वतःलाच पेलते आणि त्यावर पुढचे चढते. विटांचा याहून मोठा घुमट जगात आजवर झालेला नाही.

दोन कवचांच्या मधून वर जायला ४६३ पायऱ्या आहेत. लिफ्ट नाही. वेळ आधी राखून ठेवावी लागते. गुडघ्यांचा विचार करून आम्ही चढलो नाही. कॅथेड्रलच्या आत जायला तिकीट लागत नाही, तेथूनच मान वर करून पोटभर पाहिले. संध्याकाळी बसने नदीपलीकडच्या टेकडीवर, मायकेलअँजेलोच्या नावाच्या चौकात जावे. तिथून सगळे गाव, नदी आणि मधोमध तो घुमट एका नजरेत येतो.

दुसरा दिवस : पेढ्या आणि कचेऱ्या

दुसरा दिवस आमच्यातल्या बँकवाल्याचा. 'बँक' हा शब्दच इटालियन 'बांको' म्हणजे बाकडे किंवा टेबल यावरून आला. बाजारात बाकडे टाकून सराफ नाणी बदलून देत, तीच पहिली शाखा. १२५२ मध्ये या गावाने 'फ्लोरिन' हे सोन्याचे नाणे पाडले. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोने अस्सल. वजनात आणि कसात फसवणूक नाही अशी ख्याती झाल्यामुळे ते साऱ्या युरोपात चालू लागले.

ही ख्याती असतानाही मोठ्या पेढ्या बुडाल्याच. बार्दी आणि पेरुझ्झी या इथल्या बलाढ्य पेढ्यांनी इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याला युद्धासाठी प्रचंड कर्जे दिली. राजाने ती फेडली नाहीत. १३४० च्या दशकात दोन्ही पेढ्या कोसळल्या आणि त्यामागे हे एक मोठे कारण होते. मोठा कर्जदार, भरभक्कम नाव, तारण मात्र कमी : ज्यांनी ज्यांनी बँकेत काढली आहेत त्यांना पुढचे सांगण्याची गरज नाही.

'नवा बाजार' नावाच्या छताखाली फरशीत एक संगमरवरी वर्तुळ आहे. कर्ज बुडवणाऱ्याला चारचौघांत त्या दगडावर उघड्या पार्श्वभागाने आपटत, असे सांगतात. थकबाकी वसुलीच्या नोटिसा पाठवण्यात वर्षे घालवलेल्या माणसाला या दगडापाशी थोडे जास्त वेळ थांबावेसे वाटले तर आश्चर्य नाही.

पुढे १३९७ मध्ये मेदिची घराण्याची बँक सुरू झाली. त्यांनी जमाखर्चाची दुहेरी नोंद पद्धत कसोशीने वापरली. ही पद्धत इटलीतल्या व्यापाऱ्यांत आधीपासून होती. लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूने १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या ग्रंथात ती समजावून सांगितली. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी आपण 'प्रत्येक नावेला तितकीच जमा' म्हणून जे घोकले त्याचे हे छापील मूळ. नेमके त्याच साली मेदिचींची बँक बंद पडली.

बँक गेली, पण त्या पैशातून केलेला चित्र-शिल्पांचा संग्रह राहिला. तो पाहायचा 'उफ्फिझी' या संग्रहालयात. उफ्फिझी म्हणजे कचेऱ्या. १५६० मध्ये ही इमारत सरकारी कचेऱ्यांसाठीच बांधायला घेतली होती. आयुष्यभर कचेरीत बसलेल्या आम्हाला कचेरीचे असे सोने झालेले पाहून बरे वाटले.

हा संग्रह अजून गावातच कसा आहे, ही गोष्ट आम्हाला चित्रांइतकीच महत्त्वाची वाटली. १७३७ मध्ये मेदिची घराण्यातला शेवटचा पुरुष वारला आणि राज्य दुसऱ्या घराण्याकडे जाणार हे ठरले. तेव्हा मागे राहिलेली त्याची बहीण आन्ना मारिया लुईझा हिने नव्या राज्यकर्त्यांशी लेखी करार केला. चित्रे, पुतळे, ग्रंथ, जडजवाहीर यातले काहीही फ्लोरेन्सबाहेर न्यायचे नाही. ते राज्याच्या शोभेसाठी, लोकांच्या उपयोगासाठी आणि परक्या प्रवाशांच्या कुतूहलासाठी इथेच राहील, असा त्याचा आशय. हळहळ व्यक्त करून ती थांबली नाही, तिने दस्तऐवज केला. आज आपण तिथे तिकीट काढून उभे राहतो ते त्या कराराच्या जोरावर.

याच संग्रहात बोत्तिचेल्लीचे 'प्रिमावेरा' म्हणजे वसंत ऋतूचे चित्र आहे. दुसऱ्या महायुद्धात ते आणि इतर अनेक चित्रे गावाबाहेर मोन्तेगुफोनी नावाच्या गढीत लपवली होती. १९४४ च्या उन्हाळ्यात आघाडी त्या बाजूला सरकली तेव्हा तिथे पोचलेले आणि पहाऱ्यावर उभे राहिलेले सैनिक ८ व्या भारतीय डिव्हिजनचे होते. या डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक बटालियन होती. म्हणजे जिचे रेजिमेंटल सेंटर आपल्या बेळगावात आहे तीच मराठा पलटण! इटलीच्या याच मोहिमेत यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या मराठा वीरांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे यांना तो मरणोत्तर. आपल्या गावात रोज सकाळी दौडणारी पोरे ज्या पलटणीत जायचे स्वप्न बघतात तिचा आणि त्या चित्राचा असा संबंध आहे.

संध्याकाळ 'पोन्ते वेक्कियो' म्हणजे जुन्या पुलावर घालवावी. १३३३ च्या पुरात आधीचा पूल वाहून गेल्यावर १३४५ मध्ये हा बांधला. पुलावर दोन्ही बाजूंना दुकाने आहेत. पूर्वी खाटीक होते, १५९३ पासून सोनार आले. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेताना जर्मन सैन्याने गावातले बाकीचे सगळे पूल उडवले, हा एकच ठेवला.

पुलाच्या कठड्यावरून आर्नो नदी अगदी गरीब दिसते. पण ४ नोव्हेंबर १९६६ रोजी ती गावात शिरली आणि राष्ट्रीय ग्रंथालयातली लाखो पुस्तके-कागद चिखलात गेले. तेव्हा देशोदेशीचे तरुण-तरुणी येऊन हातोहात रांगा करून पुस्तके बाहेर काढत राहिले. गाव त्यांना आजही 'चिखलातले देवदूत' म्हणते. ऑगस्ट २०१९ मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले होते, ते पाहिलेल्या आपल्याला पुरानंतरचा चिखल समजावून सांगावा लागत नाही. कपाटातले सातबारे, लग्नाचे अल्बम, आजोबांची पत्रे अशी कितीतरी घरांतून त्या वेळी उकिरड्यावर गेली.

तिसरा दिवस : नदीकाठची छत्री

तिसऱ्या दिवशी संग्रहालयांना सुट्टी. स्टेशनपासून ट्राम घेऊन 'काशीने' उद्यानाच्या थांब्यावर उतरायचे. होय, नाव असेच ऐकू येते, जरी मूळ अर्थ गाई-गुरांच्या गोठ्यांशी निगडित असला तरी. उद्यान नदीच्या कडेने लांबच लांब पसरले आहे. छत्री त्याच्या पश्चिमेच्या अगदी टोकाला आहे, त्यामुळे तीनेक किलोमीटर चालावे लागते. रस्ता सपाट आणि सावलीचा आहे. चालणे झेपत नसेल तर टॅक्सी करावी. मंगळवारी सकाळी उद्यानात मोठा आठवडी बाजार भरतो. तोही बघण्यासारखा आहे, फक्त पाकीट पुढच्या खिशात ठेवावे.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) हे मूळचे पाटणकर घराण्यातले. १८६६ मध्ये ते दत्तक आले आणि गादीवर बसले. इंग्रजी शिकलेले, जग पाहण्याची हौस असलेले. समुद्र ओलांडणे हे त्या काळी धर्माविरुद्ध मानले जाई. तरी १८७० मध्ये ते इंग्लंडला गेले. युरोप पाहायला गेलेल्या पहिल्या सत्ताधारी संस्थानिकांपैकी ते एक. प्रवासात ते इंग्रजीतून रोजनिशी लिहीत. त्यांच्याबरोबर असलेल्या कॅप्टन वेस्ट यांनी ती संपादित केली आणि १८७२ मध्ये लंडनला ती छापली गेली. पण ती छापलेली पाहायला महाराज नव्हते. युरोपातून परतीच्या वाटेवर ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लोरेन्समध्ये वारले. वय अवघे वीस.

आता प्रश्न आला अंत्यसंस्काराचा. दहन करणे ही गोष्ट त्या काळच्या इटलीत रूढीत बसत नव्हती आणि कायद्यातही बसत नव्हती. फ्लोरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती, म्हणजे परवानगीचा प्रश्न सरकारच्या दारातच होता. परवानगी मिळाली. बरोबरच्या मंडळींनी जागा निवडली ती आर्नो आणि मुन्योने या नद्यांचा संगम. नृसिंहवाडीचा कृष्णा-पंचगंगा संगम ज्यांच्या रोजच्या श्रद्धेतला आहे त्यांनी परक्या मुलखातही संगमच शोधावा, यात नवल नाही. त्याच रात्री तिथे आपल्या रीतीप्रमाणे चिता पेटली.

त्या जागी १८७४ मध्ये छत्री उभी राहिली. नाजूक खांब, वर घुमटी, खाली महाराजांचा पागोटे आणि दागिने घातलेला रंगीत अर्धपुतळा. पुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यांनी आखला तेच हे मँट. चौथऱ्यावर इटालियन आणि इंग्रजीबरोबर देवनागरी अक्षरेही आहेत. तीन दिवस परकी पाट्या वाचून थकलेल्या डोळ्यांना ती अक्षरे दिसली आणि आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही.

वीस वर्षांचे पोर ते. आपली मुले बावीस-तेविसाव्या वर्षी परदेशी जातात आणि विमान उतरल्याचा निरोप येईपर्यंत आपल्याला झोप लागत नाही. तिकडे कोल्हापुरात त्या माणसाची वाट पाहणाऱ्यांना तर चितेची जागाही बघायला मिळाली नाही. आम्ही घरून आणलेले चिमूटभर हळदकुंकू चौथऱ्यापाशी वाहिले, नमस्कार केला आणि जवळच्या बाकावर बसलो. समोरून माणसे धावत होती, कुत्र्यांना फिरवत होती. कोणाला आमचे नवल वाटले नाही.

नवल न वाटण्याचे कारण नंतर कळले. या भागाचे नावच 'इंडियानो' म्हणजे 'तो भारतीय' असे पडले आहे. छत्रीच्या लगतच आर्नोवर मोठा झुलता रस्तापूल आहे, १९७८ मध्ये पूर्ण झालेला. त्यालाही 'इंडियानो'चा पूल म्हणतात. रोज हजारो गाड्या त्यावरून जातात आणि चालवणाऱ्यांच्या तोंडी कोल्हापूरच्या राजाचा उल्लेख असतो, भले त्यांना कोल्हापूर कुठे आहे हे ठाऊक नसो. आपल्याकडे त्यांचे नाव राजाराम कॉलेजने राखले. १८८० मध्ये सुरू झालेल्या या कॉलेजात नामदार गोखले शिकले आणि आपल्या सीमाभागातल्या कितीतरी मुलांनीही तिथेच पदव्या घेतल्या.

थोड्या उपयोगी गोष्टी

उफ्फिझी आणि मायकेलअँजेलोचा 'डेव्हिड' असलेले आकादेमिया संग्रहालय सोमवारी बंद असते. दोन्हींची तिकिटे आधी काढावीत. हॉटेलच्या बिलाखेरीज माणशी, रात्रीमागे शहराचा कर वेगळा द्यावा लागतो. कागदी तिकीट घेतले तर ट्राम-बसमध्ये चढल्यावर ते यंत्रात घालून छापून घ्यावे, नाहीतर दंड होतो. कॉफी काउंटरशी उभ्याने प्यायली तर स्वस्त, बसून प्यायली तर महाग. तिथल्या पारंपरिक पावात मीठ नसते, तेव्हा आपली चटणी कामी येते. शाकाहारी माणसाचे टोमॅटो-पावाचे दाट सार, भाज्या-पावाचे 'रिबोल्लिता' आणि साधा पिझ्झा यांवर छान भागते. मात्र 'रिबोल्लिता' मागवताना त्यात मांसाचा रस्सा नाही ना, हे विचारावे.

सभासदांना विनंती

तीन दिवसांत आम्ही जे पाहिले त्यातले काहीच आपोआप टिकलेले नाही. संग्रह टिकला तो एका बाईने करार लिहून घेतला म्हणून, पुस्तके टिकली ती मुलांनी चिखलात हात घातले म्हणून आणि छत्री टिकली ती दीडशे वर्षे परक्या गावाने आपली म्हणून सांभाळली म्हणून.

आपल्या घरांत अजून मोडी कागद आहेत, जुन्या दुकानांच्या चोपड्या आहेत, तंबाखूच्या वखारींचे हिशेब आहेत, आजीच्या हातची पत्रे आहेत. ती वाचणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. मंडळाने एक साधी वही घालावी : कोणाच्या घरी काय आहे, कोणत्या सालचे, कोणत्या लिपीत. मोबाइलवर फोटो काढून ठेवायला आमच्यासारखे निवृत्त लोक मोकळेच आहेत. नोंदवही ठेवण्याची सवयही आम्हाला आहे. पहिली नोंद म्हणून आमच्या घरातल्या १९४० च्या आसपासच्या दोन चोपड्या आम्ही पुढच्या महिन्याच्या सभेला घेऊन येत आहोत. आपणही आपापले कपाट एकदा उघडून पाहावे.

आणि मुलांकडे युरोपला जाल तेव्हा एक दिवस काढून 'काशीने'च्या टोकाला जरूर जावे. मराठीत नमस्कार करणारे कोणी तिथे रोज येत नाही.